उलटा हात

अप्पा,

पत्राला 'नमस्कार' लिहावंसं वाटत नाही.

आज नगरच्या दवाखान्यात आईच्या हाताचं बँडेज काढलं. दोन बोटं वळत नाहीत. आणि तुम्ही तिसगावात दुकानात बसून सांगताय, "बाईमाणसानं ओल्या हातानं मोटार कशाला चालू करावी?"

दिवाळीत मी पाण्याच्या मोटारीला स्विच बसवला होता. कुठं करंट उतरला, की तो आपोआप लाईट तोडायचा. तो सारखा पडून लाईट तोडायला लागला, कारण स्टार्टरच्या पेटीत खरंच करंट उतरत होता. तुम्ही पेटी दुरुस्त केली नाहीत, स्विचच काढून फेकलात. वर गिऱ्हाइकांसमोर हसलात, "शाळेची पायरी न चढता मी गावाच्या मोटारी नीट केल्या. उलटा हात लावून करंट बघतो मी. अन् ही डिप्लोमावाली मला शिकवती व्हय!"

आईला उलटा हात लावायला तुम्ही कधी शिकवलंत, अप्पा? तिनं सरळ हात लावला, अन् करंटनं तो पेटीवरच आवळला गेला; उलटा असता तर झटक्यानं सुटला असता.

पाठवलं तर हे पत्र तुम्ही गिऱ्हाइकाकडून वाचून घ्याल, म्हणून पाठवत नाही. नाहीतर विचारलंच असतंत, बापाशी असं बोलायला कॉलेजात शिकलीस का?

नाही. घरीच शिकले. तुम्ही आईशी बोलता ते ऐकून.

रुपाली