परत मागवलेले वॉकर

सोमवार, ३ मार्च

बुटाला चिरा आहेत!

फिजिओने एक वॉकर दुरुस्तीला पाठवला होता, हँडल ढिलं झालं म्हणून. हँडल दोन मिनिटांत घट्ट केलं. मग सवयीने खालचे चारही रबरी बूट दुमडून पाहिले. एकोणीस वर्षं रबराच्या कारखान्यात माल तपासण्यात गेली, हात आपोआप तिकडेच जातो. दुमडलं की केसासारख्या चिरा. तळवा कडक आणि गुळगुळीत. फरशीवर पाणी ओतून वॉकर जरासा ढकलला — सरळ भिंतीपर्यंत घसरत गेला.

आमच्याच वर्कशॉपचा, दोन महिन्यांपूर्वीचा माल आहे. दोन महिन्यांत रबर असं होत नाही. भट्टीत करपलं असेल तरच होतं.

कुणाला काही बोलले नाही. फरशी पुसून टाकली.

मंगळवार, ४ मार्च

सातवा लॉट. आतल्या बाजूला शिक्का आहे.

सगळं आठवलं. जानेवारीत सामाजिक उद्योगांना मदत देणारी कमिटी वर्कशॉप बघायला यायची होती. मांडण्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून मी मास्तरांना म्हटलं, भट्टीची आच वाढवा, वेळ वाचेल. मास्तरांचा एक पाय गुडघ्याखाली नाही, तरी दिवसभर भट्टीसमोर उभे असतात. ते म्हणाले, "ताई, रबर करपेल हं." आणि मी काय म्हणाले? "मास्तर, मला रबर शिकवू नका."

शाबास! एवढी अक्कल होती ना मला!

सातव्या लॉटचे एकशे चाळीस वॉकर दवाखान्यांमार्फत गरीब घरांत गेलेत. म्हणजे एकशे चाळीस घरांत कुणीतरी म्हातारं, आजारी माणूस त्या बुटांवर भार टाकून उठतंय. बाथरूमला जातंय. आणि बाथरूमची फरशी ओलीच असते.

गुरुवार, ६ मार्च

कमिटीचा फॉर्म आला. आम्हाला निवडायचं जवळजवळ नक्की आहे म्हणे. नवी भट्टी मिळेल, तीन हॉस्पिटलांची कायमची ऑर्डर मिळेल. कमिटीच्या बाई फोनवर किती गोड बोलल्या! "तुम्ही आता नुसत्या धंदेवाल्या राहिला नाहीत हो, सामाजिक उद्योजिका झालात!" नवऱ्याने ते ऐकलं. तेव्हापासून घरात सुरू आहे — उद्योजिकाबाई, चहा मिळेल का? उद्योजिकाबाई, माझा मोजा दिसला का?

फॉर्ममध्ये विचारलंय, आपल्या कामाचा समाजावर काय परिणाम झाला ते दोनशे शब्दांत लिहा. पेन हातात घेऊन तासभर बसले. एक शब्द सुचला नाही. सुचला तो एकच, आणि तो लिहिण्यासारखा नव्हता.

कारखान्यात होते तेव्हा बरं होतं. माल खराब निघाला की लाल शिक्का मारायचा आणि जेवायला जायचं. पुढे मालक बघून घ्यायचा. घाबरायचं काम त्याचं होतं. आता मालकही मीच, शिक्काही माझाच.

सांगितलं तर कमिटी जाईल. हॉस्पिटलं जातील. मग वर्कशॉपातल्या नऊ जणांनी काय करायचं? आमच्या फौजदारबाई — पॅकिंग बघतात, एक पाय आखूड आहे, आवाज मात्र तिघींचा — त्यांना इथे येण्याआधी अकरा ठिकाणी "कळवतो" म्हणून परत पाठवलंय. त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

शुक्रवार, ७ मार्च

फोन वाजला की वाटतं, कुणीतरी पडलं. आज चौदा वेळा वाजला. कुणी पडलेलं नव्हतं.

रविवार, ९ मार्च

नवऱ्याला सांगून टाकलं. राहवेना.

आधी म्हणाला, "कुणी पडलंय का? नाही ना? मग गप बस आणि पुढचा माल नीट कर." मी विचारलं, तुझी आई असती तर? तर म्हणतो, "माझी आई तुझ्या वॉकरला हात लावती होय? तिला तू केलेला चहासुद्धा चालायचा नाही." हसलो दोघं. मग मला एकदम रडूच आलं. हुंदके देऊन रडले, या वयात! तो उठून भांडी घासायला लागला. घासता घासता पाठमोराच म्हणाला, "सांग सगळ्यांना. तुला हे पचायचं नाही. आठवड्यात चेहरा बघ काय झालाय."

सोमवार, १० मार्च

सांगितलं. सगळ्यांना एकत्र बसवून.

वाटलं होतं मास्तर म्हणतील, मी बजावलं होतं. ते नुसतेच हातातला साचा पुसत राहिले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

फौजदारबाईंनी विचारलं, "आमच्या नोकऱ्या जाणार का?"

"माहीत नाही."

"मग तसंच सांगत जा की. सगळं ठाऊक असल्यासारखं तोंड कशाला करता?"

बरोबर आहे त्यांचं.

लगेच नोटीस लिहिली. कारखान्यात खराब माल परत मागवताना लिहायचो तशीच — "सातव्या लॉटचे वॉकर वापरू नयेत. ताबडतोब परत आणून द्यावेत." फौजदारबाई म्हणाल्या, ताई, जरा गोड लिहा. मी खेकसले, "लग्नपत्रिका आहे का ही?" सगळ्यांच्या फोनवर पाठवली. दवाखान्यांच्या दारांवर चिकटवली.

मग कमिटीच्या बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आम्ही कळवतो."

आता लोक भांडायला येतील. येऊ देत. वॉकर तरी येतील.

गुरुवार, १३ मार्च

चार दिवसांत पाच वॉकर. फक्त पाच!

भांडायलाही कुणी आलं नाही. आम्ही फोन लावतो तर उचलत नाहीत. उचलला तर "आमच्याकडे नाही," "हरवला," "गावाला नेला." एक गृहस्थ म्हणाले, बाबा वारले हो, वॉकर त्यांच्याबरोबरच गेला. तेवढ्यात मागून बाबाच ओरडले, "कोण आहे रे?"

हसू आलं. पण नंतर लक्षात आलं. म्हणजे वॉकर घरातच आहेत. चिरलेल्या बुटांसकट. लोक खोटं बोलून ते वापरताहेत. का? मी तर त्यांच्या भल्याचंच सांगतेय! डोकं चालेना.

शुक्रवार, १४ मार्च

फौजदारबाईंनी डोळे उघडले.

डबा खाताना सहज म्हणाल्या. लहानपणी शाळेत त्यांना कुबड्या मिळाल्या होत्या. पाहुणे आले, टाळ्या झाल्या, फोटो निघाला. आठवड्याने शिपाई आला आणि कुबड्या घेऊन गेला — दुसऱ्या शाळेत वाटायच्या होत्या. "मी कपाटामागे लपवल्या होत्या. तरी सापडल्या त्याला. ताई, आम्हाला 'परत आणा' बरोबर कळतं. 'ताबडतोब' तर फारच लवकर कळतं."

मी डबा बाजूला ठेवला. त्या म्हणाल्या होत्या ना, गोड लिहा! मी ते कारखान्याच्या गिऱ्हाइकाला लिहावं तसं लिहिलं. त्याला खराब मालाच्या बदली चांगला माल हक्काने मिळतो, म्हणून तो धावत परत आणतो. या माणसांना गेलेली वस्तू कधी परत मिळालेलीच नाही.

नोटिसा फाडल्या. आपणच दारोदार जायचं आणि जागेवर बूट बदलून द्यायचे. नवा निरोप पाठवला — वॉकर तुमचाच आहे, तुमच्याकडेच राहील. पण आता त्यावर कोण विश्वास ठेवणार? मी तरी ठेवला असता का?

रविवार, १६ मार्च

सुट्टी असून मास्तर आले. भट्टी हळू, वेळ पूर्ण. प्रत्येक बूट मी स्वतः दुमडून बघितला.  निघताना मास्तर म्हणाले, "मी तेव्हा भट्टी वाढवायलाच नको होती. नाही म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, तुम्ही म्हणालात की. ते म्हणाले, "हळू म्हणालो."

मंगळवार, १८ मार्च

टेम्पो घेऊन फिरलो. आतापर्यंत त्रेचाळीस घरं. चार बूट काढायचे, चार घालायचे, वॉकर त्यांच्या हातात परत द्यायचा. एका आजोबांनी तर पूर्ण वेळ एक हात वॉकरवरच ठेवला होता. मी बूट ओढतेय आणि ते वॉकर ओढताहेत!

पण बरीच दारं उघडत नाहीत. आतून आवाज येतो, मग येत नाही. अजून ब्याण्णव उरलेत. रोज सकाळी वाटतं, आज कुणीतरी पडेल. माझ्या चिरलेल्या बुटावरून घसरेल आणि पडेल.

गुरुवार, २० मार्च

आज घडलं ते लिहून ठेवते.

दुपारी एका चाळवजा इमारतीत तळमजल्यावर गेलो. फौजदारबाईंनी टेम्पोतूनच हाळी दिली, "वॉकरवाल्या आलो होऽ!" शेजारीण म्हणाली, आजी एकट्याच आहेत, मुलगी कामावर गेलीय. मी दार वाजवलं. आतून काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. फरशीवर रबर ओढलं जाण्याचा — तो मी झोपेतही ओळखेन. मग "आले, आले." मग धप्प.

दार नुसतं लोटलेलं होतं. आजी खाट आणि दार यांच्या मध्ये पडलेल्या. वॉकर खाटेखाली ढकललेला, वर चादर ओढलेली, दोन पाय बाहेर दिसत होते. भिंत धरून दारापर्यंत यायला निघाल्या होत्या. पाच पावलं.

वॉकर असता तर आल्या असत्या. तो असून लपवला. आमचा आवाज ऐकून.

रुग्णवाहिका येईपर्यंत फौजदारबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.  मी काय केलं? वॉकर ओढून काढला आणि चारही बूट बदलले. काय सुचलं कोण जाणे. हाताला दुसरं काही काम सापडेना.

शुक्रवार, २१ मार्च

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन.

कमिटीचं पत्र आलंय म्हणे. उघडलं नाही.

सकाळी हॉस्पिटलात गेले. आजी जाग्या होत्या. त्यांना वाटलं मी नर्स. माझा हात घट्ट धरला, जवळ ओढलं आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, एवढं कर. मी पडले ते त्या वॉकरवालीला सांगू नकोस. आता तर ती नक्की नेईल."

मी म्हटलं, "नाही सांगणार, आजी."