वन्स मोअरची जागा

प्रिय आई,

वाकून नमस्कार. हे पत्र बाबांनी मोठ्यानं वाचायचं आणि तू नुसतं ऐकायचंस, मध्ये बोलायचं नाही. घशाचे टाके सुकले का? डॉक्टर काय म्हणाले?

माझी काळजी नको. खोली छान आहे. खिडकी नीट लागत नाही, पण फटीत तुझी शाल खोचली आहे.

तुझ्या नाटकाचा चित्रपट निम्मा झाला. काल तुझं तिसऱ्या अंकातलं पद होतं. गाणं आधी ध्वनिमुद्रित न करता कॅमेऱ्यासमोरच गायचं, असा आमच्या दिग्दर्शकांचा हट्ट. गायले. शेवटची तान संपली आणि मी पदराचं टोक धरून, समोर बघत गप्प उभी राहिले.

“वाक्य विसरलात का?” त्यांनी विचारलं.

“नाही हो. इथे आईला वन्स मोअर मिळायचा. सवयीनं थांबले.”

कॅमेरावाला पोट धरून हसला. “ताई, इथे प्रेक्षक मी एकटाच!”

मी लाजेनं मेले. पण दिग्दर्शकांनी तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला आणि म्हणाले, “असं उभं राहणं शिकवून येत नाही. हे चित्रपटात राहणार.”

आई, मला स्वर्ग दोन बोटं उरला! ते उभं राहणं तुझं आहे, मी विंगेतून बघून उचललेलं.

तेव्हा लवकर बरी हो. पहिल्या खेळाला पुढच्या रांगेत बस. त्या जागी पहिला वन्स मोअर तुझाच हवा. आवाज फुटला नाही तर टाळी वाजव, ओरडायला बाबा आहेत.

तुझी,
विंगेत झोपणारी ठमी