शाळेसमोरचा मऊ स्पीडब्रेकर

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं गेल्यावर लोक त्यांच्या वह्या शोधत बसतात, त्यांची सोय. जुन्या टायरांच्या रबरी भुग्यातून रस्ता-सुरक्षेत क्रांती करायची, हे नक्की. पहिला मान बायकोच्या शाळेला. गेटसमोर गाड्या सुसाट जातात, मुलं जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतात. रस्तेखात्याच्या साहेबांनी ट्रायलला परवानगी दिलीय. जमलं तर शहरभरची ऑर्डर.

५ फेब्रुवारी
बाजारातले स्पीडब्रेकर म्हणजे नुसते दगड. माझी कंबर आधीच कामातून गेलेली. म्हणून भुग्यात स्पंज भरपूर मिसळला. आमचा मिस्त्री म्हणाला, जरा कडक ठेवा. त्याला व्हिजन नाही.

८ फेब्रुवारी, दुपार
क्वालिटी टेस्ट. जेवून स्पीडब्रेकरवर आडवा झालो. मिस्त्रीने संध्याकाळी हलवून उठवलं. फर्स्ट क्लास पास.

११ फेब्रुवारी
गेटसमोर बसवला. एक टॅक्सीवाला जाम खूश. म्हणे, आहे हे कळतसुद्धा नाही! हेच जाहिरातीत टाकावं.

१३ फेब्रुवारी
बायको भडकलीय. गाड्या होत्या तशाच भरधाव येतात, आज पहिलीतली एक मुलगी थोडक्यात वाचली, काढून टाक ते, म्हणाली. मास्तरीणच ती, चुका काढायची सवय. तरी उद्या कडक माल बनवून त्यावर आडवा होऊन बघतो. कंबर दुखली नाही तर बसवू.

१४ फेब्रुवारी
दुखली.

१८ फेब्रुवारी, सकाळ
आज साहेब येणार. स्पीडब्रेकरच्या पलीकडे मी स्वतः उभा राहणार. साहेबांची गाडी त्यावरून माझ्या पायाशी येऊन अलगद थांबेल. मालकाचा मालावर विश्वास दिसला पाहिजे. बायको हात धरून नको म्हणाली. घाबरट.

१९ फेब्रुवारी, हॉस्पिटल
गाडी अलगद आली. थांबली मात्र नाही. डावा पाय मोडला. मध्ये काही होतं हे जाणवलंच नाही, असं ड्रायव्हरने शपथेवर सांगितलं. साहेबांनी मान डोलावली. चूक ड्रायव्हरचीच.

२४ फेब्रुवारी
घरी आलो. बायकोने टॅक्सी मुद्दाम शाळेवरून घ्यायला लावली. माझ्या स्पीडब्रेकरच्या जागी आता सिमेंटचा. ड्रायव्हरने दुरूनच वेग कमी केला, तरी असा दणका बसला की प्लास्टरातली कळ थेट मस्तकात गेली. मी बोंबललो. बायकोचं लक्षच नव्हतं. समोरून मुलं रमतगमत रस्ता ओलांडत होती आणि ती त्यांना हात करत होती. एकाने खिडकीतून मला पाहिलं. बाकीच्यांना ओरडून सांगितलं, ते बघा, गादीवाले काका!
मी काच वर केली.