टायरची गाडी

१० जानेवारी १९७२, सोमवार
आज नववीला घर्षण शिकवलं. वीट ताणकाट्याला बांधून टेबलावरून ओढली – काटा भराभर खाली. मग विटेखाली गोल पेन्सिली घातल्या. काटा जेमतेम हलला! मुली उठून टेबलाभोवती जमल्या. असा तास वर्षात एखादाच होतो.

घरी येऊन आबांना तेच सांगितलं. कारखाना उसासाठी टायरच्या गाड्या देतोय, घ्या म्हटलं. ते म्हणाले, जुनी बरी हाय.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेतानाही पुन्हा तोच विषय. आई म्हणाली, सणाचं तरी राहू दे. मी राहू दिलं नाही. पवळ्या-हरण्याचे खांदे बघा म्हटलं, सुजलेत. लोखंडी धावेचं चाक मातीत रुततं, त्याची ओढ सगळी त्यांच्या मानेवर येते. घर्षण कमी झालं की तेवढ्याच बळात दुप्पट ऊस. न्यूटन, किलोग्रॅम, सगळं ऐकवलं.

बैलांचं नाव काढल्यावर आबा उठून गोठ्यात गेले. मला वाटलं, जिंकले.

१९ जानेवारी
टायरची गाडी आली. बैल खरंच हलके चालतात. आबा म्हणाले, "लई पळती ही." मी त्याला कौतुक समजले.

२७ जानेवारी
दुपारच्या तासाला पुंजारामकाका शाळेत आले. आबांच्या मागेच त्यांची गाडी असते. दारात उभे राहून नुसते म्हणाले, "मने, चल."

नदीकडच्या उतारावर भरली गाडी बैलांच्या अंगावर गेली. काका मागून आबांना ओरडत होते – ब्रेकची दोरी वढ, कोंडीराम, दोरी वढ! गाडी थांबली नाही. हरण्या बाजूला फेकला गेला. पवळ्या खाली आला, त्याचा पुढचा पाय मोडला. आबांचा खांदा सोलवटलाय, बाकी ठीक.

मी पोचले तेव्हा ते पवळ्याचं डोकं मांडीवर घेऊन रस्त्यात बसले होते. ऊस सगळीकडे पसरलेला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. गुरांचे डॉक्टर आले, पाय चाचपला आणि मान हलवली.

२८ जानेवारी
पवळ्या गेला.

३ फेब्रुवारी
पुढचा धडा जडत्व. फळ्यावर उतार काढायला खडू घेतला आणि तशीच उभी राहिले. जे घर्षण चढावर आणि सपाटीवर नडतं, तेच उतारावर गाडी धरून ठेवतं. एवढं साधं! वर्गात मी वीट फक्त सपाट टेबलावर ओढली होती. आबांनाही तेवढंच सांगितलं.

मुलींना पुस्तक वाचायला सांगून खाली बसले.

५ फेब्रुवारी
आबा सकाळी गोठ्यात जाऊन हरण्यापाशी बसतात. जेवायला दोनदा हाक मारावी लागते. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

९ फेब्रुवारी
आज धीर करून गोठ्यात गेले. म्हटलं, आबा, माझ्यामुळं झालं. मी हट्ट केला नसता तर पवळ्या असता.

त्यांनी उजवा हात माझ्या हातात दिला, म्हणाले, "दाब बरं, मी पन दाबतो." मी दाबला. त्यांची बोटं नुसती माझ्या हातावर टेकून राहिली.

"दिवाळीपासनं असंच हाय. दोरी मी वढली, पन जोरच लागंना. जुन्या गाडीला उतारावर हाताचं काम पडत नव्हतं, म्हनून तर सोडत नव्हतो. तुला सांगितलं असतं तर गाडीवर बसूच दिलं नसतंस."

मी त्यांना आठवडाभर शिकवत होते. 'का नको?' असं एकदाही विचारलं नाही.