वळूचं शेण

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही. कारण सांगायचं तर शेण.

नव्वदच्या दशकातलं शेवगाव, गावात केबल नुकतीच आलेली. नववीच्या वर्गात इंग्रजीत पहिली मी, कारकुनाची मुलगी, शुद्ध बोलणारी. माझ्या शेजारी मळ्यातून चालत येणारी ती. तुमचा धडा रंगात आलाय आणि ही उठून विचारते, "सर, बुलशिट म्हंजी काय वो? केबलवर सायेब लोक एकमेकाला म्हनत्यात, अन् ऐकनाऱ्याला लई राग येतो." मागची मुलं बाकाखाली तोंडं लपवतात. तो शब्द घाण आहे एवढं मला माहीत होतं, आणि तेवढ्याच माहितीवर मी इतके दिवस गप्प होते. वाटलं, आता छडी. तुम्ही मात्र शांतपणे फळ्यावर शब्द तोडून लिहिलात. "बुल म्हणजे वळू. पुढचं त्याचं शेण. अर्थ, निव्वळ थापा. चारचौघांत बोलायचा शब्द नाही. बस खाली." ती बसेचना. "पन सर, शेनात खोटं काय हाय? रोज मीच काढते की. आमी त्यानं अंगन सारवतो."

तुम्ही हसलात. चष्मा काढून, टेबलाला धरून, डोळे पुसत. दुसऱ्या दिवशी जाडजूड शब्दकोश काखेत मारून आलात, तो तिच्यासाठी. थापेला 'बुल' म्हणायची रीत फार जुनी, बहुधा फ्रेंचांकडून आलेली, वळूशी तिचा संबंध नसावा. शेण पुष्कळ नंतर चिकटलं, असं सांगितलंत. ती म्हणाली, "म्हंजी थाप आदी, शेन मागनं! मंग आमच्या जनावरांचं नाव कशापायी खराब केलं?" पुन्हा चष्मा निघाला. माझ्या निबंधांवर तुमच्या मिशीचा केससुद्धा कधी हलला नव्हता.

पुढे मी लोकांना हसवायचाच धंदा धरला. पहिलं पुस्तक घेऊन आले, तर तुम्ही चाळून म्हणालात, "शुद्धलेखन चोख आहे हो." ती पुणतांब्याला सासरी म्हशी सांभाळते, एक ओळ लिहीत नाही. आणि शेवटच्या आजारपणात तुमच्या खाटेशी बसले, तर तुम्ही मलाच सांगू लागलात, "अगं, माझ्या वर्गात एक मुलगी होती..." सगळं सांगितलंत, तिच्या बोलीसकट, धाप लागेपर्यंत हसत. मग विचारलंत, "तू होतीस का गं त्या वर्गात?" मी "नाही सर" म्हणाले आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसले.

दिवाळी अंकाचे संपादक मागे लागलेत, काहीतरी खुसखुशीत द्या म्हणून. हे देणार नाही. छापलं तर लोक हसतील, सर, आणि नेमके तिच्याच वाक्यांना.