आधी हलणाऱ्याला पाच यार्ड

मी, एमेट जोसेफ वार्गा, वय वर्षे त्रेचाळीस, व्यवसाय अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक, म्हणजे चाल पुकारून चेंडू फेकणारा गडी, राहणार कॅनरी रस्ता, पोर्ट अ‍ॅन्सेल, ओहायो, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शरीराबद्दलही तसेच लिहू का, असे डॉक्टर सोरेनसन यांना विचारले, तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत, असे लिहायची रीत आहे. पण मी याआधी एकही केलेले नाही, त्यामुळे रद्द करायला काही नाही.

हे मी कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे.

वरचे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसलो. ते पुरते खरे नाही. आज सकाळी माझी पत्नी डेलिया हिने या टेबलावर दोन गोष्टी ठेवल्या. एक, माझ्या फेरीमेन संघाकडून आलेला आणखी एका मोसमाचा करार. आज संध्याकाळी पाचच्या आत मी त्यावर सही केली नाही, तर तो आपोआप संपतो. दुसरी, कोरे कागद.

"आधी मृत्युपत्र, मग करार," ती म्हणाली. "या वर्षी मी एका शब्दानंही अडवणार नाही."

माझ्या मानेचे ऑपरेशन आठ वर्षांपूर्वी झाले. त्यानंतर मी सात करार केले, सातही वेळा तिने अडवले आणि सातही वेळा वादात मी जिंकलो. त्यामुळे तिच्या या गप्प राहण्याने मी थोडा बिथरलो आहे, हे इथे नोंदवतो. वाद नसेल तर जिंकायचा कसा?

साक्षीदार दोघे. पहिला लेम्युएल पिकेट, जो अकरा वर्षे आमच्या संघाचा सेंटर होता आणि ज्याने आपल्या दोन पायांमधून माझ्या हातात काही हजार वेळा चेंडू दिला. दुसऱ्या, शेजारच्या इर्मा डॉयल, शाळेच्या निवृत्त संगीत शिक्षिका. दोघेही दुपारी तीनपासून टेबलाच्या पलीकडे बसून डेलियाने केलेला कोंबडीचा लाल रस्सा खात आहेत आणि मी काय लिहितो ते उलट्या बाजूने वाचत आहेत.

कलम एक. घर आणि बचत डेलियाला. बचतीचा तिसरा हिस्सा आमची मुलगी टेस हिला, ती एकवीस वर्षांची झाल्यावर. तळघरातला दिवा तिसऱ्यांदा दाबल्यावर लागतो. तो दुरुस्त करीन असे मी दोन हजार अकरापासून म्हणत आहे. ते वचनही डेलियाला.

कलम दोन. वडिलांची होड्या दुरुस्त करायची हत्यारे धाकटा भाऊ गाबोर याला. मोठा रंधा त्याने नऊ वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेला, तोही मी त्याला देत आहे. निदान यापुढे तो त्याच्याकडे हक्काने राहील.

कलम तीन. ऑपरेशननंतर चौदा आठवडे घातलेला मानेचा पट्टा 'पोर्ट अ‍ॅन्सेल बीकन' या वर्तमानपत्राच्या बर्ट लॅन्सिंग यांना. त्या वर्षी त्यांनी छापले होते, 'वार्गाचा हात संपला, उरले ते फक्त केस.' त्यानंतर सात मोसम ते मान खाली घालून माझे निकाल छापत आले. मानेला आधार लागेल.

हे कलम लिहून मला फार बरे वाटले. म्हणूनच त्या वर्षीची डायरी काढून पाहिली. बर्ट यांचा लेख यायच्या पाच दिवस आधी मी स्वतः लिहून ठेवले आहे: 'परसात डेलियाकडे चेंडू फेकला. दहा पावलेही गेला नाही. तिने तो उचलून माझ्याहून लांब परत फेकला. हात संपला.' म्हणजे बर्ट यांनी खोटे लिहिले नव्हते. फक्त केसांचा उल्लेख आगाऊ होता. पट्टा त्यांनाच द्यावा, पण धुऊन.

कलम चार. हे सर्वात मौल्यवान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा आवाज मी कर्टिस अ‍ॅम्बर्ग याला देतो.

कर्टिस आमच्या संघाचा दुसरा क्वार्टरबॅक. वय एकतीस, टक्कल पूर्ण. गेली सहा वर्षे तो बाजूला उभा राहून माझी मान मोडायची अतिशय सभ्यपणे वाट पाहत आहे. दर सोमवारी विचारतो, "सर, मान कशी आहे?" मी म्हणतो, "छान!" तो म्हणतो, "अरे वा!" आणि त्याचा चेहरा पडतो. मला यात मजा येते. येऊ नये, पण येते.

आता आवाजाविषयी. मानेचे तीन मणके जोडायला डॉक्टर मागून नव्हे, पुढून, गळ्यातून शिरले. त्यात स्वरयंत्राची एक नस दुखावली. मणके जुळले, हाताला हळूहळू जोर आला, पण आवाज मात्र वयात येणाऱ्या पोरासारखा मध्येच फाटू लागला. क्वार्टरबॅकला हे परवडत नाही. दोन्ही बाजूंचे धिप्पाड गडी नाकाला नाक लावून ओणवे बसलेले असतात, मी मागून ओरडतो, आणि आमच्यात ठरलेल्या शब्दावर चेंडू हलतो. त्याआधी जो हलेल त्याच्या संघाला पाच यार्ड दंड. परतल्यावर पहिल्याच सामन्यात दुसऱ्या शब्दाला माझा आवाज किंचाळला आणि आमचेच चार गडी दचकून पुढे पडले. पंचांनी दंडाचा पिवळा रुमाल फेकला. लेम्युएल तेवढा जागेवर होता. चेंडू धरून, खाली वाकून तो मला म्हणाला, "म्हाताऱ्या, शेपटीवर पाय पडला का रे कुणाच्या?"

पुढच्या आठवड्यात मी आमच्या गड्यांना सांगितले, आवाज फाटला तरी हलायचे नाही, फक्त चेंडू पाहायचा. ते शिकले. प्रतिस्पर्ध्यांना कोणी शिकवले नव्हते. त्या मोसमात समोरचे एकतीस वेळा आधी हलले. मग मी हवा तेव्हा आवाज फाडायला शिकलो. परसात सराव करत असे. इर्माबाई महिनाभर समजत होत्या की आम्ही मोर पाळला आहे.

लोक म्हणतात, एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर सात वर्षे खेळला, काय जिद्द! जिद्द होती, नाही असे नाही. पण डायरीतले आकडे सांगतात की हाताने जे गमावले ते गळ्याने भरून काढले. ही लबाडी आहे का, हा प्रश्न मी अकरा वेळा लिहिला आहे. अंग हलवून फसवले तर दंड आहे, आवाजाने फसवायला नियमाची मुभा आहे. मुभा आहे म्हणून प्रश्न मिटतो असे मला वाटत नाही. पण तो सोडवायच्या आत दर वेळी पुढचा रविवार येत गेला.

तर कर्टिस, कृती अशी. पहिला शब्द सरळ. दुसरा फाटका. मग गप्प. सगळी गंमत या गप्प राहण्यात आहे. आवाजाने माणूस फक्त ताणला जातो, पुढे पडतो तो शांततेत. मनात बारा मोज, पापणीही हलवू नकोस. समोरच्याला वाटू दे की आता पुढची चाल त्याचीच आहे.

कलम पाच. मांस धुरावर शिजवायची लोखंडी भट्टी. ती लेम्युएलला द्यायची होती, पण अडचण आली. आमच्या वकीलबाईंनी बजावले आहे की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये.

"मग मला नको साक्षीदार करूस," लेम्युएल म्हणाला. "भट्टी दे. सही काय, पोस्टमनसुद्धा करेल."

"अकरा वर्षं तू माझ्यापुढे उभा राहिलास. दुसऱ्या कोणाची सही कशी चालेल?"

"अकरा वर्षं मी तुझ्याकडे पाठ करून होतो, आजोबा. मी काय पाहिलंय?"

शेवटी तो उठून बाहेर गेला, भट्टी उचलून आपल्या ट्रकमध्ये ठेवली आणि परत येऊन जेवायला बसला. ती वस्तू आता माझ्या मालकीची नसल्याने हे कलम रद्द.

कलम सहा. अंत्यविधी. शवपेटी माझ्या जुन्या पाच गड्यांनी आणि सहावा म्हणून कर्टिसने उचलावी. पेटी 'तीन'वर उचलायची आहे, 'दोन'वर नाही. मोजणी लेम्युएल करेल आणि 'दोन'ला त्याने आवाज फाडावा. कर्टिस 'दोन'वर उचलेल. त्याने पाच यार्ड मागे जाऊन पुन्हा यावे. पाद्रीबाबांना आधी कल्पना द्यावी.

"देवळात हसले तर लोक?" इर्माबाईंनी विचारले.

"त्यासाठीच लिहितोय."

"मग मीच हसणार पहिली. ऑर्गन मलाच वाजवायचाय, आणि वाजवताना हसले तर सूर चुकतो, एवढं ध्यानात ठेवा."

कलम सात. डायऱ्या, एकूण बावीस, टेसला. पंचविशीनंतर वाचाव्यात. जिथे मी स्वतःला शहाणा म्हटले आहे तिथे पुढचे पान उलटून पाहावे.

कलम आठ. वकीलबाई म्हणतात हा मजकूर मृत्युपत्रात बसत नाही, त्याला वेगळा कागद असतो. तरी इथे लिहितो, कारण करार इथेच समोर पडला आहे. जोडलेल्या मणक्यांवरचा मणका आता सगळा भार घेतो आहे. कॉलेजात मी भूगर्भशास्त्र शिकलो, त्यामुळे डॉक्टरांनी फोटो दाखवला तेव्हा समजावून सांगावे लागले नाही. एक थर घट्ट झाला की हालचाल शेजारच्या थराच्या माथी येते. डॉक्टर खेळू नका म्हणाले नाहीत. खेळा असेही म्हणाले नाहीत. तेव्हा, मी मेलो नाही पण मानेखाली काही हलेनासे झाले, तर मला जेवण भरवण्याची जबाबदारी

इथे मी 'डेलिया' असे लिहिले आणि थांबलो. घर तिला देताना विचारले नव्हते, ते ठीक. पण हे देणे नव्हते. हे तिच्याकडून घेणे होते, आणि मी ते न विचारता शाईने लिहून बसलो होतो. सात करारांत मला हे एकदाही सुचले नाही. वादात मी नेहमी माझ्या मानेबद्दल बोलत असे. तिच्या हातांबद्दल नाही.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला वीस कमी होते. डेलिया चुलीपाशी होती. मी तिला ते वाक्य वाचून दाखवले.

"लिही," ती म्हणाली. "माझंच नाव लिही. मी भरवीन."

"रोज?"

"रोज."

एवढे बोलून तिने पळी खाली ठेवली, ओट्याला टेकली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. दर वर्षी इथे एक 'पण' येतो. मी त्याचे उत्तर तयार ठेवले होते, अगदी आकड्यांसकट. 'पण' आला नाही. लेम्युएलने चघळायचे थांबवले. घड्याळ ऐकू येत होते.

"डेलिया, करू का सही?"

"मी काही बोलणार नाही म्हणून सकाळीच सांगितलंय."

पुन्हा गप्प. तिची पापणीही हलत नव्हती.

"बरं बाई," मी म्हणालो, "नाही करत. झालं?"

हे शब्द माझ्या तोंडून गेले तेव्हा कोणी काही मागितले नव्हते. टेबलापलीकडून एक पिवळे फडके उडत आले आणि माझ्या रश्शाच्या ताटात पडले.

"आधी हलला!" लेम्युएल दोन्ही हात कमरेवर ठेवून पंचासारखा उभा होता. "चेंडू जागचा हलला नाही आणि हा गडी पलीकडे! पाच यार्ड!"

"बारा मोजलेस ना?" मी डेलियाला विचारले.

"नऊच झाले होते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू जरा टिकशील." मग तिने तोंड चुलीकडे फिरवले आणि कितीतरी वेळ रिकाम्या भांड्यात पळी हलवत राहिली. मी उठून तिच्याजवळ गेलो. त्याबद्दल इथे लिहीत नाही. ते डायरीत.

करार सहीविनाच टेबलावर पडून आहे. खंत आहे का, असे मी स्वतःला विचारले. आहे. गळ्यात अजून एखादा मोसम शिल्लक होता. ती खंत कोणाला देता येत नाही, म्हणून माझ्याकडेच ठेवतो.

दुरुस्त्या. कलम चार माझ्या मृत्यूची वाट न पाहता आजपासून लागू. कर्टिसला पाच वाजून एक मिनिटाने फोन केला. त्याने सवयीने विचारले, "सर, मान कशी आहे?" मी म्हणालो, "मला बास झाली, आता तुझी सांभाळ." पलीकडून आवाज आला, तो फाटलेला होता. पोराला शिकवावे लागणार नाही.

कलम आठमधून डेलियाचे नाव खोडले आहे. खोडल्याच्या जागी माझी आद्याक्षरे आहेत.

आणि सुरुवातीचे विधान असे वाचावे: हे मृत्युपत्र मी पत्नीच्या नऊ सेकंदांच्या गप्प राहण्याखेरीज अन्य कोणत्याही दबावाशिवाय केले आहे.

ठिकाण: पोर्ट अ‍ॅन्सेल, ओहायो
गुरुवार, १२ मार्च २०२६, सायंकाळी पाच वाजून वीस मिनिटे

(सही) एमेट जोसेफ वार्गा

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो की वरील इसमाने आमच्या डोळ्यांदेखत, शुद्धीत असताना सही केली. आम्हाला या कागदातून काहीही मिळत नाही. भट्टी आधीच ट्रकमध्ये होती.

(सही) इर्मा डॉयल
इसम शुद्धीत होता. डोळे ओले होते. कांदा चिरलेला नव्हता.

(सही) लेम्युएल पिकेट
या वेळी मी त्याच्याकडे तोंड करून बसलो होतो. तो आधी हलला. मी पाहिलं.