बाबांची पहिली आखजी

वलगाव, १२ एप्रिल २०२५

ती. वच्छलाआत्यास,
आचलचा सा. न. वि. वि.

बाबा आता कुठं असतील, असं आईनं काल भाकरी थापता थापता विचारलं. घरात पदवी घेतलेली मी एकटी, म्हणून मलाच. मला उत्तर येत नाही, आत्या. माणूस गेला की संपतो, असं कॉलेजात मी ठणकावून बोलले होते. आईसमोर जीभ रेटली नाही.

पण अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखजीला, त्यांच्या नावानं घागर भरायची, कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं, हे मला पटत नाही. मी नको म्हटलं. तेव्हापासून आई गप्प आहे. तू तिला समजाव. फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र.

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
आचल

अकोला, १९ एप्रिल २०२५

चि. आचलले आत्याचे अनेक आशीर्वाद.

लय शिकली वं तू! तुहा बाप बी पितर-गितर मानत नव्हता. पण तुहे आबाजी गेले त्या सालची आखजी मले आठवते. पितर म्हणून शेजारचे जानराव बसले, आन् तुहा बाप त्यायले रस वाढता वाढता सांगून राहिला होता का विहिरीले पाणी लागलं म्हणून. जानराव मुकाट जेवले. मेलेलं माणूस येते का नाही, मले काय माहीत? पण सांगाचं राहून गेलं ते आयकाले कोणी समोर पायजे. तुही माय दवाखान्यातून डबा आणाले घरी गेली, आन् तेवढ्यात माहा भाऊ गेला. तिचं काय राहिलं, इचारलं काय कधी?

या बुढीवर माया ठेव.
तुही आत्या

वलगाव, २ मे २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

परक्या पुरुषासमोर आई बोलली नसती, म्हणून परवा पाटावर मीच बसले. घरचं माणूस, त्यातून पोरगी, पितर म्हणून बसत नसते, असं शेजारच्या चंदाकाकू दारातूनच ओरडल्या. आईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

तिनं मला आयुष्यात पहिल्यांदा ‘तुमी’ म्हटलं. आधी रागावली. जायचंच होतं तर मले डब्यासाठी घरी पाठवलंच काहून, म्हणाली. मग मोटर बिघडल्याचं, गाय व्यायल्याचं, धाकटा किशोर ऐकत नसल्याचं, सगळं सांगितलं. रडता रडता कुरडई पुढं केली. शेवटी विचारलं, तिकडं बरं आहे ना.

मला अजूनही काही माहीत नाही, आत्या. मी हो म्हटलं, आणि तिनं वाढलेलं सगळं जेवले.

आशीर्वाद असू दे.
तुझी,
आचल